वरचे म्हणजे कोणते

शनिवार, तारीख चौदा
सकाळचे साडेदहा

भिंगरे गं,

अनेक आशीर्वाद. तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा. झालं, रीत पाळली. आता ऐक.

'कामगाराच्या हातून ट्रेची अदलाबदल झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे वाक्य तू लिहिलंस. पान सात, वरून तिसरी ओळ. अहवाल इंग्रजीत आहे म्हणून मला तो कधी कळणारच नाही, असं तू धरून चाललीस. पण आपला नोंदवहीवाला, पेन्सिल, त्याने चहाच्या सुट्टीत तो मला आपल्या भाषेत करून सांगितला. त्याला वाटलं मला बरं वाटेल. म्हणाला, तुमचं नाव घेतलेलं नाही, नुसतं कामगार लिहिलंय, सुटलात तुम्ही. मी विचारलं, रोपांच्या त्या दिव्यांच्या खोलीत कामगार किती? तो बोटं मोजायला लागला आणि पहिल्याच बोटावर थांबला.

फोन मी अकरा वेळा केला. तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या घरच्या पत्त्यावर. कामाच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर पाकिटावर 'मॅडम' लिहावं लागलं असतं. माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, ते तुला ठाऊक आहे. लावून वाच. पुरतं वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस.

त्या एका ओळीचं काय झालं ते तुला तिथे मुख्य कचेरीत बसून दिसत नसेल, म्हणून सांगते. मोठ्या साहेबांनी आपला बुटक्या रोपांचा ट्रे बाद केला. ट्रेला लाल चिकटपट्टीची फुली मारली. येत्या शुक्रवारी, वीस तारखेला, सकाळी भट्टी पेटेल तेव्हा तो ट्रे आत जाणार. बाद माल खोलीत ठेवायचा नाही असा नियम आहे म्हणे. सत्तेचाळीस रोपं. ओंब्या नुकत्या भरायला लागल्यात, अजून हिरव्या आहेत, दाबलं तर दूध येतं. म्हणजे बीसुद्धा हाती लागणार नाही. ती गेली की त्या बियांचं अकरा महिने पृथ्वीभोवती फिरणं फुकट, माझी तीन वर्षं फुकट, आणि तुझी किती ते तूच बघ.

मी सोडणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

तुला आठवतं का, ते बी पहिल्यांदा आलं तेव्हा तू डबी अशी धरली होतीस जशी काही आत जिवंत पाखरू आहे. सातूचे दाणे. आपल्याकडे होते तसेच, एका रंगाचे, एका आकाराचे. अर्धे वर अंतराळात जाऊन आलेले आणि अर्धे इथेच कपाटात राहिलेले. मग आपण त्यांना तशीच नावं पाडली, वरचे आणि खालचे. पहिल्या साली दोन्ही पेरले, दोन्ही सारखेच उगवले, सारखेच वाढले. मी तुला म्हटलं होतं, हे बी एवढं फिरायला गेलं आणि हात हलवत परत आलं. तू हसलीस. कामावर तू हसलीस असा तो एकच दिवस मला आठवतो.

मग तू मला समजावलंस. तू जीन्स म्हणालीस आणि मला वाटलं विजारीचं बोलतेयस. तू म्हणालीस जनुक म्हण. इथे खाली आपल्या अंगावर हवेचं जाड पांघरूण आहे, वर ते नाही, त्यामुळे तिथले किरण थेट बियांच्या आत शिरतात आणि जनुकांमधली अक्षरं इकडची तिकडे करतात. कधी अक्षर तेच राहतं पण एखादी कळ बंद पडते. बहुतेक बदल काही कामाचे नसतात, काही वाईट, एखादाच भला. आणि तो लगेच दिसत नाही, कारण प्रत्येक गोष्टीला दोन पदर असतात. एक पदर बिघडला तरी दुसरा धड असला की रोप धड दिसतं. त्या रोपाचं बी पुन्हा पेरायचं. त्यातल्या ज्यांच्या वाट्याला दोन्ही पदर बदललेले येतील, तिथे ते उघडं पडेल. चारात एक, असं तू म्हणालीस. बरोबर?

यंदा त्या प्रत्येक रोपाचं बी वेगळ्या ट्रेत पेरलं. बारा ट्रे, सहा वरच्यांचे, सहा खालच्यांचे. आणि त्या एका ट्रेत बुटकी निघाली. सत्तेचाळीसात बारा. बाकीची पस्तीस इतरांसारखी उंच. मी तीन वेळा मोजली. ती बारा कुपोषित नाहीत गं. पान गडद, काडी माझ्या करंगळीएवढी जाड. मी पाइपचं पाणी जोरात सोडलं की बाकीची लोळतात, ही उभी. पाणी कमी पडून बुटकी झाली असती तर सगळा ट्रे बुटका झाला असता, नेमकी चारातली एक निवडून कशी होईल? हे तुझंच शिकवलेलं तुला सांगतेय.

पण साहेबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात बुटकी आहेत हे मान्य, पण ट्रे वरच्यांचा आहे कशावरून? लेबल हललेली आहेत. ट्रे खालच्यांचा निघाला तर वर जाण्याचा आणि या बदलाचा संबंधच उरत नाही. आणि तू मान डोलावून ते लिहून दिलंस.

आता लेबलांचं.

पेन्सिल रोज सकाळी रॅकचे फोटो काढतो. सगळी लेबलं ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात खोचलेली असतात. रोपं दहा दिवसांची झाली त्या दिवशीच्या फोटोत सहा लेबलं उजव्या कोपऱ्यात दिसतात. एवढ्यावरून सगळं उठलं. मला साहेबांच्या खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं नाही. मी सांगितलं, धूळ पुसताना काढली आणि लगेच परत लावली, घाईत कोपरा चुकला. तसं कागदावर लिहिलं, मी सही केली.

ते खोटं होतं. तुला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. तू त्याच टेबलाशी बसली होतीस, आणि पाणी प्यायलीस.

थांब. बारा वाजले, पाणी घालायची वेळ झाली. उरलेलं येऊन लिहिते.

दुपारचे दोन

आले. भट्टीवाला भेटला होता वाटेत, विचारत होता फुलीचा ट्रे गुरुवारी संध्याकाळीच खाली आणून ठेवता का, शुक्रवारी घाई असते. मी म्हटलं, माझ्या हाताने नाही. तो म्हणाला बाई, माझ्यावर कशाला ओरडता, मी फक्त जाळतो.

तर. त्या दिवसाचं मी कधी बोलले नाही, तूही नाही. आता बोलते, कारण तुझं ते वाक्य पुरतं खोटं नाही. ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मी लिहिते.

रोपं नऊ दिवसांची होती. सकाळी पंखा बंद पडला. मी बाहेर माती चाळत होते, मला कळलं नाही. तुला तिथे बसून मोबाइलवर खोलीचा ताप दिसला आणि तू मला फोन केलास. तू काय म्हणालीस ते मला शब्दाला शब्द पाठ आहे.

"ताई, पंखा बंद आहे. वरचे सगळे खाली घे, आत्ताच्या आत्ता."

रॅकला दोन फळ्या. दिव्यांची ऊब वरच्या फळीवर जास्त साठते, म्हणून वरच्या फळीवरचे ट्रे खाली घ्यायचे, असं तुझ्या मनात. आता मला कळतं. पण तीन वर्षं त्या खोलीत वरचे म्हणजे कोण? जे जाऊन आले ते. तूच पाडलेलं नाव. प्रत्येक फळीवर तीन वरचे आणि तीन खालचे असे आळीपाळीने ठेवलेले, उजेड सगळ्यांना सारखा मिळावा म्हणून, तेही तुझंच डोकं. मी वरच्या फळीवरचे तीन वरचे ट्रे ओढून काढले आणि खालच्या फळीवर जागा करायला तिथले तीन खालचे उचलून वर ठेवले. वाचतानाच डोकं फिरतं ना? करताना फिरलं नाही. मी झरझर केलं. दिव्याच्या चौकटीला घासून सहाच्या सहा लेबलं पडली. तेवढ्यात तुझा दुसरा फोन. अगं बाई, वरच्या फळीवरचे म्हणाले मी, फळीवरचे. मग मी सगळेच ट्रे खाली फरशीवर मांडले.

दुपारी पंखा दुरुस्त झाला. लेबलं खाली पडलेली, त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं आणि ती ठिपक्यांची चौकट. ते मला वाचता येत नाही. हे तुझ्याशिवाय तिथे कुणाला माहीत नाही, कारण माझ्या फॉर्मवर तू तुझ्या सुंदर अक्षरात दहावी पास लिहिलं आहेस. मी चौथी. पुढच्या सहा इयत्ता तू एका ओळीत पास केल्यास.

पण मी आंधळी नाही. पेरणीच्या दिवशी पेन्सिल लेबलं वाचत गेला आणि मी मागोमाग ट्रेच्या कडेला धागे बांधत गेले. वर गेलेल्यांना लाल, न गेलेल्यांना पांढरा, आणि कितवा ट्रे तितक्या गाठी. तसाच धागा लेबलाच्या काडीला. त्याला वाटलं बाईमाणसाची हौस. तीन वर्षं मी अशाच धाग्यांवर पाणी दिलं, खत दिलं, एकदाही चुकले नाही. म्हणून त्या दिवशी मी घाबरले नाही. लेबलाच्या गाठी आणि ट्रेच्या गाठी जुळवत गेले. एक जुळलं, दोन, तीन, चार.

आणि दोन ट्रेंचे धागे घासून तुटलेले होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही. एक लाल तीन गाठींचा आणि एक पांढरा दोन गाठींचा, एवढे दोन उरले आणि समोर दोन ट्रे, दोन्हींच्या कडेला धागा नाही. त्यातलाच एक आज बुटक्यांचा आहे. कळलं आता मला का झोंबलं ते?

मी कसं ठरवलं ते ऐक. लाल तीन गाठींच्या ट्रेच्या मागच्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या खणात बी उगवलंच नव्हतं. रिकामा खण. मी रोज तिथे बोट लावून माती ओली आहे का बघायचे, आज येईल, उद्या येईल म्हणत. पांढऱ्या दोनचे सगळे खण भरलेले. फोटो समोरून निघतात, त्यात मागची ओळ दिसत नाही. त्यामुळे पुरावा म्हणशील तर माझं बोट. रिकाम्या खणाच्या ट्रेला मी लाल तीनचं लेबल लावलं. अठ्ठेचाळीसात सत्तेचाळीस का आहेत, हे अहवालात तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

मला खात्री आहे. पण खात्री माझी आहे, आणि माझ्या खात्रीला तिथे काय भाव आहे ते सातव्या पानावर लिहिलेलंच आहे.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर चौकशीत का नाही बोललीस. धाग्यांचं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की धागे कशाला, लेबल वाचता येत नाही का? मग फॉर्म निघाला असता. मग तो कुणी भरला हे निघालं असतं. मग तू माझी कोण हे निघालं असतं. मी तुला वाचवलं, आणि सोबत माझी नोकरीही, खोटं कशाला बोलू. दोघींनी मिळून तोंड शिवून घेतलं आणि सुई त्या रोपांना टोचली.

एक गोष्ट राहिली. ती लिहू की नको असं करत इथवर आले. लिहिते.

त्या दिवशी पहिला फोन आला तेव्हा मी विचारायला हवं होतं, वरचे म्हणजे कोणते. मी मूर्ख नाही. कुठल्याही दुसऱ्या दिवशी विचारलं असतं, चार वेळा विचारलं असतं, तू वैतागेपर्यंत. पण तू ताई म्हणालीस. कामावर रुजू झाले त्या पहिल्या दिवशी जिन्यात उभी राहून तू मला सांगितलं होतंस की इथे ताई-बिई चालणार नाही, तू मला मॅडम म्हण, मी तुला काहीच म्हणणार नाही. आणि पाळलंस ते. तीन वर्षं मला 'अहो, जरा इकडे' आहे. त्या दिवशी घाबरलीस आणि तोंडातून ताई निघून गेलं, आणि ते ऐकल्यावर पुढचं मी नीट ऐकलंच नाही. धावले नुसती. अशी चूक कुठल्या कामगाराच्या हातून होत नाही, ती बहिणीच्या हातून होते. तेव्हा तुझ्या अहवालातला तो शब्दसुद्धा चुकीचा आहे.

रडगाणं म्हणून लिहिलेलं नाही. तू लहान असताना मी काय केलं आणि कुणासाठी शाळा सोडली, तेही मी काढणार नाही. काढलं का? नाही काढलं. पुढे चल.

काय करायचं ते मी ठरवलंय. तुझ्या कपाटात, थंड पेटीत, पहिल्या सालच्या प्रत्येक रोपाचं एकेक पान पाकिटात जपून ठेवलेलं आहे. मीच तोडून दिली होती, तूच पाकिटावर लिहिलंस. या बुटक्यांची आई त्यात आहे. तिचं पान आणि एका बुटक्याचं पान, दोन्ही तपासायला पाठव. आईच्या पानात तो बदल एकपदरी सापडला आणि तिचं बी वर गेलेल्यांच्या यादीत असलं, तर ट्रे वरच्यांचा. संपलं. लेबल, धागा, माझं बोट, कशाचीच गरज नाही. पांढऱ्या दोनच्या आईचंही पाठव, म्हणजे कुणी शंका काढणार नाही. तपासणीला तीन आठवडे लागतात आणि पक्क्या अहवालाची तारीख आधीची आहे, असं तू पेन्सिलला म्हणालीस. तारीख पुढे ढकल. ओंब्या तारखेसाठी थांबून राहत नाहीत, माणसं राहू शकतात.

आणि चुकीचं निघालं तर? तो बदल पांढऱ्या दोनच्या आईत सापडला, म्हणजे मीच ट्रे उलटे लावले, असं निघालं तर? निघू दे. मग तू खुशाल लिही अदलाबदल झाली. पण शक्यता वगैरे नको, झाली असं लिही, आणि कामगार लिहू नकोस, माझं नाव लिही, आडनावासकट. ते तुझंही माहेरचं आडनाव आहे, त्याला माझा इलाज नाही. मी त्या दिवशी ट्रे तिथेच ठेवून घरी जाईन. पण माझ्या रोपांना न तपासता जाळायचं आणि दोष शक्यतेच्या नावाने माझ्या गळ्यात बांधायचा, हे मी चालू देणार नाही. तू माझी धाकटी असलीस तरी नाही, आणि माझी मॅडम असलीस तरी नाही.

घाबरवत नाहीये, फक्त आधी सांगून ठेवते, मागून म्हणू नकोस. गुरुवारी सकाळी मी साहेबांना लेखी देणार आहे की माझा आधीचा जबाब खोटा होता. पंखा, फोन, पडलेली लेबलं, तुटलेले धागे, चौथी पास, सगळं. हा कागद मी काल लिहून ठेवला. त्यात फोन कुणाचा होता त्या जागी मी रेघ सोडली आहे. ती रेघ तू भर. मी तुझं नाव घालणार नाही. ते तुझ्या हाताने यायला हवं, नाहीतर त्याला अर्थ नाही. त्यांनी मला काढलं तर काढलं. झाडलोट कुठेही मिळते. पण फॉर्ममुळे तुझ्यावर काय येईल ते मला खरंच माहीत नाही, आणि तेवढ्यासाठी माझा हात दोनदा थांबला. मग दिव्यांच्या खोलीत जाऊन त्या बारांकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला बसले.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल, फार तर बुधवारी. फोन कर, नाहीतर ये. मला समजूत नको, भेट नको, 'बघू' तर मुळीच नको. तुझ्या कपाटाची किल्ली आणि साहेबांना एक ओळ, की तपासणी होईपर्यंत ट्रे जाळू नये. दोन्ही मला गुरुवारी, एकोणीस तारखेला, दुपारी चारच्या आत हवीत. चारला मी दिव्यांच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावणार. पुढे शुक्रवारी कुणाला तो ट्रे न्यायचा असेल त्याने आधी मला उचलून न्यावं. माझं वजन तुला माहीत आहे.

हो की नाही, ते कळव. गुरुवार, चार.

तुझी,
आणि हे आता सगळ्यांसमोर म्हणायची तयारी ठेव,
थोरली बहीण